आपत्तीनंतरच्या अफवा

आपत्तीनंतरच्या अफवा : भूकंप, पूर, चक्रीवादळ किंवा त्सुनामी येऊन गेल्यावर बाधित प्रदेशात आणि त्याच्या आसपास पसरणाऱ्या, खात्री न झालेल्या किंवा उघड खोट्या बातम्या. ‘आज रात्री याहून मोठा धक्का बसणार’ अशी भाकिते, धरण फुटल्याच्या आवया, मृतांचे फुगवलेले आकडे, मदत कुणी पळवली याच्या कंड्या आणि एखाद्या समाजावर घेतलेले संशय हे सगळे यांत येते. मुद्दाम रचलेली थाप आणि भीतीपोटी उठलेली हूल यांत हेतूचा फरक असतो. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच वाटतात, कारण त्या बहुधा ओळखीच्या माणसाकडूनच कानावर येतात.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाची एक महत्त्वाची सुरुवात बिहारमध्ये झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी उत्तर बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरे कोसळली. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या दिवसांत लोकांच्या तोंडी असलेल्या अफवा टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त लेख लिहिला. त्यांतल्या काही अफवा अशा : भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारे वाळूत रुतले. नेपाळच्या सीमेकडून मधुबनीवर लोंढा येतो आहे. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार. अमुक तारखेला प्रलय होणार. यांतल्या बऱ्याच अफवा ज्या भागात पसरल्या, तिथे धक्का जाणवला होता, पण घरे उभी होती.

सुखरूप राहिलेल्यांनी आणखी भयंकर भविष्य का रंगवावे, हा प्रश्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना पडला. भीती तर वाटते आहे, पण डोळ्यांसमोर भिण्यासारखे काही नाही, अशा स्थितीत मन भीतीला साजेसे कारण शोधते, असे उत्तर त्यांनी दिले. १९५७ मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक विसंगतीच्या (मनातल्या दोन न जुळणाऱ्या गोष्टींनी अस्वस्थ झालेले मन त्यांचा मेळ घालू पाहते, या) सिद्धांताला चालना मिळाली ती या विचारातून. त्यांनी तुलनेसाठी घेतलेले उदाहरणही भारतातलेच होते. दार्जिलिंगला १९५० मध्ये दरडी कोसळल्या, तेव्हाचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला होता. तिथल्या लोकांसमोर विध्वंस प्रत्यक्ष उभा होता आणि तिथे अशी भाकिते आढळली नाहीत.

अफवेचे बळ विषयाचे महत्त्व आणि माहितीतली संदिग्धता यांच्या गुणाकारावर ठरते, असे सूत्र मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये मांडले. दोहोंपैकी एक शून्य असेल तर अफवा उठत नाही. आपत्तीत दोन्ही टोकाला पोहोचलेली असतात. घरच्यांचा जीव धोक्यात असतो, वीज गेलेली असते, फोन लागत नसतो, रस्ते तुटलेले असतात. समाजशास्त्रज्ञ तामोत्सु शिबुतानी यांनी १९६६ मध्ये याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. अधिकृत बातमी थांबली की लोक आपसांत बोलून परिस्थितीचा अर्थ लावू लागतात आणि त्यातून अफवा आकार घेते. अफवेचे सारे खापर ‘अडाणी जमावा’वर फोडण्याच्या सवयीपेक्षा ही मांडणी वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

कांतो, १९२३. आपत्तीनंतरची अफवा किती माणसे मारू शकते, याचे सर्वांत भीषण उदाहरण जपानमध्ये घडले. १ सप्टेंबर १९२३ रोजी सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी कांतो प्रदेशातल्या तोक्यो आणि योकोहामा परिसराला ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरांच्या वस्त्या आगीत सापडल्या. मृत आणि बेपत्ता यांची संख्या सुमारे १ लाख ५ हजार झाली. बहुतेक वृत्तपत्रांच्या कचेऱ्या जळाल्या. जपानमध्ये आकाशवाणी तेव्हा सुरूच झालेली नव्हती, ती १९२५ मध्ये आली. शहराला काय झाले हे शहरालाच कळण्याचे साधन उरले नाही.

त्याच दुपारपासून कोरियन लोक आगी लावत आहेत, विहिरींत विष कालवत आहेत, टोळ्या करून चालून येत आहेत, अशा बातम्या पसरू लागल्या. कोरिया १९१० पासून जपानची वसाहत होता, १९१९ मध्ये तिथे मोठा स्वातंत्र्यलढा चिरडला गेला होता आणि तोक्योत मजुरीला आलेल्या कोरियनांकडे संशयाने पाहिले जात होते. म्हणजे भूकंपाने ही शंका निर्माण केली नाही. आधीच असलेल्या द्वेषाला त्याने निमित्त दिले. मोहल्ल्यामोहल्ल्यांत स्वसंरक्षण दले उभी राहिली. तलवारी, बांबूचे भाले घेतलेली माणसे नाक्यावर वाटसरूंना अडवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द जपानीत म्हणायला लावत. कोरियन जिभेला त्यातले सुरुवातीचे घोष वर्ण (ज, ग यांसारखे) जड जात. उच्चार चुकला की माणूस मारला जाई. चिनी मजूर मारले गेले, बोली वेगळी असलेले जपानीही मारले गेले. चिबा प्रांतातल्या फुकुदा गावात ६ सप्टेंबरला शिकोकूतल्या कागावाहून आलेल्या फिरत्या औषधविक्रेत्यांपैकी नऊ जणांचा असाच बळी गेला.

इथे सरकारची भूमिका निर्णायक ठरली. अफवा आवरण्याऐवजी गृहखात्याच्या पोलीस विभागाने कोरियन लोक आगी लावत असल्याचा आणि कडक नजर ठेवण्याचा संदेश ३ सप्टेंबरला फुनाबाशीच्या नौदल बिनतारी केंद्रावरून प्रांतोप्रांती धाडला. लोकांच्या तोंडची वदंता सरकारी शिक्का घेऊन परत लोकांकडे आली. काही दिवसांनी तेच सरकार अफवा पसरवणाऱ्यांना शिक्षेचा वटहुकूम काढून मोकळे झाले. कोरियनांच्या हत्यांच्या बातम्यांवर २० ऑक्टोबरपर्यंत बंदी होती. बळींचा आकडा आजही वादात आहे. सहा हजारांहून अधिक ही संख्या सर्वाधिक उद्धृत केली जाते. जपान सरकारच्याच आपत्ती व्यवस्थापन परिषदेच्या अहवालाने एकूण मृतांपैकी एक ते काही टक्के असा अंदाज दिला, तोही हजारांत जातो. याउलट योकोहामाजवळच्या त्सुरुमी पोलीस ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी शेकडो कोरियन आणि चिनी लोकांना आसरा देऊन बाहेरच्या जमावाला अडवून धरले. तोक्योतल्या योकोआमिचो उद्यानात १९७३ मध्ये कोरियन बळींचे स्मारक उभारले गेले. तिथल्या वार्षिक स्मरणसभेला शोकसंदेश पाठवण्याची प्रथा तोक्योच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी २०१७ पासून थांबवली आहे.

अधिकाऱ्यांच्या तोंडून. आपत्तीत लोक बेभान होतात, लुटालूट करतात, ही समजूत आपत्ती-समाजशास्त्राने वारंवार तपासली आहे. बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांना बाहेर काढताना, अन्न वाटून घेताना दिसले. तरी समजूत टिकून आहे आणि तीच अधिकाऱ्यांना अफवा खरी मानायला लावते. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. सुपरडोम मैदानात आश्रय घेतलेल्या हजारो लोकांत खून आणि बलात्कारांचे सत्र चालू असल्याचे महापौर रे नेगिन आणि पोलीसप्रमुख एडी कम्पास यांनी स्वतः दूरचित्रवाणीवर सांगितले. पुढे तिथे सहा मृतदेह मिळाले. चौघांना नैसर्गिक मृत्यू आला होता, एकाने अमली पदार्थाचे अतिसेवन केले होते, एकाने आत्महत्या केली असावी. खून एकही नव्हता. दरम्यान सुमारे दीड हजार पोलिसांना बचावकार्य सोडून लूट रोखण्याचा आदेश निघालेला होता, आणि लोक घरांच्या छपरांवर अडकलेले होते.

भारतातला असा प्रसंग ३० डिसेंबर २००४ चा. हिंद महासागरातल्या त्सुनामीला चार दिवस झाले होते. अमेरिकेतल्या एका खासगी संस्थेच्या भाकितावर विसंबून केंद्रीय गृहमंत्रालयाने नव्या लाटांचा इशारा दिला. तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावरून लोक जिवाच्या आकांताने आत पळाले, मदतकार्य खोळंबले. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री कपिल सिब्बल यांनी लगेच हे भाकीत निराधार असल्याचे सांगितले. खात्री करून घ्यायला देशात तेव्हा त्सुनामी-इशाऱ्याची स्वतःची यंत्रणाच नव्हती. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागरी माहिती देणाऱ्या संस्थेत ती २००७ मध्ये सुरू झाली.

मोबाइलच्या काळात. समाजमाध्यमांनी अफवेचा वेग वाढवला आणि तिला चित्र दिले. साचे मात्र जुनेच राहिले. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर ‘बहिणीला कुशीत घेतलेला भाऊ’ हे छायाचित्र जगभर फिरले. ते व्हिएतनाममधल्या हा ज्यांग प्रांतात २००७ मध्ये टिपलेले होते. त्याच वर्षी चेन्नईच्या पुरात मगरप्रकल्पातल्या मगरी सुटल्याची आणि ‘नासा’ने महापावसाचे भाकीत केल्याची बातमी पसरली, दोन्ही खोट्या. २०१६ मध्ये जपानमधल्या कुमामोतोत भूकंपानंतर प्राणिसंग्रहालयातला सिंह रस्त्यावर आल्याची थाप एकाने छायाचित्रासह मारली. त्याला अटक झाली. २०१८ च्या केरळ महापुरात मुल्लपेरियार धरणाला तडे गेल्याच्या ध्वनिफिती फिरल्या, आणि लष्करी गणवेशातल्या एका तोतयाची राज्य सरकारवर आरोप करणारी चित्रफीत लष्कराला जाहीरपणे नाकारावी लागली. भूकंपाची तारीख आणि वेळ सांगणारा कोणताही संदेश खोटाच समजावा. तसे भाकीत करण्याची पद्धत विज्ञानाकडे अजून नाही.

कायदा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीविषयी किंवा तिच्या तीव्रतेविषयी खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. या कलमाचा वापर जपूनच व्हायला हवा, कारण अफवा आणि वेळीच दिलेला इशारा सुरुवातीला एकाच भाषेत बोलतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून ‘धरण फुटलं’ ही हाक पुण्यात कुणी हसण्यावारी नेत नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून खालची वस्ती वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी त्याआधीच केली होती. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी मात्र धरण खेकड्यांनी पोखरल्याचे कारण दिले.