‘तेन्यु कुमीदु’ म्हणजे ‘जेवलोय’ नव्हे
आमच्या पोर्तुगीज वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

वर्गाचे पहिले दोन महिने पुरे झाले की हे पत्रक आम्ही प्रत्येकाच्या हातात देतो. तोवर तुम्हांला साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ येत असतो, बाजारहाट करता येते, पत्ता विचारता येतो. पुढे येतो तो ‘तेर’ (जवळ असणं) या क्रियापदाचा संयुक्त काळ, म्हणजे दोन क्रियापदं जोडून होणारा काळ. दिसायला सोपा आहे, पण आमच्या अनुभवात मराठी माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो इथेच. म्हणून या एकाच विषयाला आम्ही वेगळा कागद दिला आहे.

पोर्तुगीज शब्द इथे देवनागरीत, लिस्बनच्या उच्चाराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन लिहिले आहेत. स्पेलिंग तुमच्या वर्गाच्या वहीत आहेच. वाचताना वही शेजारी उघडी ठेवा.

आरोग्य केंद्रातली गोष्ट

आमच्याकडे शिकून गेलेला एक विद्यार्थी लिस्बनमध्ये रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतो. त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. रात्रपाळीच्या गडबडीत तीन आठवडे त्याची गोळी बरीच चुकली होती. आरोग्य केंद्रात जायचं म्हणून त्या दिवशी सकाळी मात्र त्याने आठवणीने घेतली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘तें तुमादु उ मेदिकमेंतु?’ त्याला ऐकू आलं ते ‘गोळी घेतलीय का?’ त्याने उत्तर दिलं, ‘सिं, तेन्यु तुमादु.’ त्याच्या मनात होतं, ‘हो, घेतलीय.’

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, ‘गोळी घेताय ना नेमाने?’ आणि त्यांना उत्तर मिळालं, ‘हो, घेतोय.’ नेमाने गोळी घेऊनही रक्तदाब चढलेलाच, म्हणून त्या जास्त ताकदीची गोळी लिहून द्यायला लागल्या. जुनी गोळी का बदलताय, असं त्याने विचारलं म्हणून बरं. मग खाणाखुणा करत, दिवस बोटांवर मोजत, दोघांनी मिळून तो गोंधळ सोडवला.

त्याने म्हणायला हवं होतं ते असं:

‘तुमेय ओझ, मश नाउं तेन्यु तुमादु तोदुश उश दीअश.’
आज घेतली, पण रोज घेत नाहीये.

हे एक वाक्य पाठ करा. साधा भूतकाळ ‘तुमेय’ आणि संयुक्त काळ ‘तेन्यु तुमादु’ दोन्ही त्यात शेजारी शेजारी उभे आहेत, आणि फरक ऐकता ऐकता कळतो.

त्या मुलाची चूक खरं तर आमची होती. सुरुवातीच्या काळात आम्ही वर्गात जी टिपणं वाटायचो, ती इंग्रजीतून पोर्तुगीज शिकवणाऱ्या पुस्तकांवरून केलेली होती. ‘हॅव ईटन’च्या समोर ‘तेन्यु कुमीदु’ आणि त्याच्या समोर ‘खाल्लंय’ असा तक्ता त्यात होता. त्याचा फोन आला त्याच आठवड्यात ती टिपणं आम्ही रद्द केली. कुणाकडे अजून जुनी प्रत असेल तर कृपया ती वापरू नका.

‘हल्ली’ हा शब्द हाताशी ठेवा

या काळाचं पूर्ण नाव ‘प्रतेरितु पर्फेयतु कोंपोश्तु’. नाव विसरलात तरी चालेल, रचना विसरू नका. ‘तेर’चा वर्तमानकाळ घ्यायचा (तेन्यु, तेंश, तें, तेमुश, तेंएं) आणि पुढे मुख्य क्रियापदाचं भूतकृदंत (‘केलेलं’, ‘लिहिलेलं’ असं रूप) ठेवायचं. अर्थ होतो तो असा: थोड्या दिवसांपूर्वी सुरू झालेली, पुन्हा पुन्हा होणारी किंवा अखंड चाललेली आणि अजून न संपलेली गोष्ट.

मराठीत यासाठी स्वतंत्र काळ नाही, पण बोलण्याची पद्धत आहे. ‘हल्ली कामाला चालत जातोय’, ‘गेले काही दिवस झोप लागत नाहीये’, ‘पाऊस लागून राहिलाय बाई सारखा’. ही तिन्ही वाक्यं पोर्तुगीजमध्ये ‘तेर’नेच होतात:

‘तेन्यु ईदु अ पे पर उ त्रबाल्यु.’
‘नाउं तेन्यु दुर्मीदु बें.’
‘तें शुव्हीदु मुइंतु.’

म्हणून आमची सूचना अशी, की बोलण्याआधी आपलं मराठी वाक्य मनात म्हणा आणि त्यात ‘हल्ली’ घालून बघा. ‘हल्ली मी गोळी घेतोय’ कानाला बरोबर लागतं, तिथे ‘तेन्यु तुमादु’. ‘हल्ली मी गोळी घेतलीय’ अडखळतं, तिथे ‘तुमेय’. इंग्रजीच्या वाटेने गेलात तर चुकाल, कारण ‘जेवलोय’, ‘आलोय’, ‘पाहिलाय’ या सगळ्यांना इंग्रजीत ‘हॅव’ लागतो आणि पोर्तुगीजमध्ये साधा भूतकाळ. ‘जेवलोय मी’ म्हणजे ‘झा कुमी’. ‘अजून जेवलो नाही’ म्हणजे ‘आइंद नाउं कुमी’. झा आणि आइंद नाउं हे शब्द आले की ‘तेर’ला बाजूला ठेवायचं, एवढं धरून चला.

कॉलेजात फ्रेंच घेतलेल्यांना आणि पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकून आमच्याकडे येणाऱ्यांना इथे जास्त त्रास होतो. त्या भाषांमध्ये याच घडणीचा काळ ‘जेवलोय’साठी बिनदिक्कत चालतो. पोर्तुगीज त्यांची सख्खी बहीण असली तरी या बाबतीत तिने आपली वेगळी वाट धरली आहे.

भेटल्यावर विचारपूस होते तीही याच काळात. ओळखीचं माणूस भेटलं की ‘उ क तेंश फेयतु?’ म्हणजे आपलं ‘काय चाललंय सध्या?’ वडीलधाऱ्यांना किंवा परक्याला ‘कोमु तें पसादु?’, ‘कशी आहे तब्येत, बरं चाललंय ना?’ उत्तर देताना ‘दमायला होतंय हल्ली’ असं म्हणायचं असेल तर पुरुषाने ‘तेन्यु अंदादु कंसादु’ म्हणावं आणि बाईने ‘तेन्यु अंदादु कंसाद’. ‘कंसादु’ हे विशेषण बदललं, ‘अंदादु’ हे कृदंत जागचं हललं नाही. याकडे नीट लक्ष द्या, कारण पुढची चूक तिथेच होते.

कृदंत कुणाचंच ऐकत नाही

आपल्या कर्मणी प्रयोगाची सवय जिभेत पक्की असते. गोळी घेतली, औषध घेतलं, पत्रं वाचली. कर्माप्रमाणे क्रियापद फिरतं, आणि मग पोर्तुगीज बोलतानाही मराठी माणूस कृदंत फिरवायला जातो. ‘बरीच पत्रं वाचतोय हल्ली’ यासाठी ‘तेन्यु लीदश मुइंतश कार्तश’ असं वहीत लिहून आणणारे दरवर्षी असतात. बरोबर वाक्य आहे ‘तेन्यु लीदु मुइंतश कार्तश’. पत्र एक असो की शंभर, ‘लीदु’ तसंच राहतं. भावे प्रयोग आठवा, ‘आईने मुलांना बोलावलं’ आणि ‘मुलांनी आईला बोलावलं’. क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही नाही. ‘तेर’नंतरचं कृदंत तसंच आहे. कर्त्याप्रमाणे बदलतं ते एकटं ‘तेर’.

कृदंत कर्माप्रमाणे फिरवलेलं वाक्यही पोर्तुगीजमध्ये आहे, पण त्याचा अर्थ निराळा. ‘तेन्यु अ कार्त इश्क्रीत’ म्हणजे ‘पत्र लिहून ठेवलंय’, टेबलावर तयार आहे, पाकिटात घालायचं तेवढं राहिलंय. ‘तेन्यु इश्क्रीतु कार्तश’ म्हणजे ‘हल्ली पत्रं लिहितोय’. जुन्या पोर्तुगीजमध्ये कृदंत असं कर्माशी जुळायचं, आणि ‘तेर’चा अर्थ तेव्हा अगदी शब्दशः ‘माझ्यापाशी आहे’ असाच होता. ‘माझ्यापाशी लिहिलेलं पत्र आहे’ इथपासून ‘मी लिहीत आलोय’ इथपर्यंत ही भाषा कशी चालत आली, ते या दोन वाक्यांत दिसतं. आम्हांला या पाठात सगळ्यात आवडती जागा हीच आहे, आणि वर्गात आम्ही तिथे थोडे जास्त रेंगाळतो.

अनियमित कृदंतं थोडीच आहेत: फेयतु (केलेलं), दीतु (म्हटलेलं), व्हिश्तु (पाहिलेलं), इश्क्रीतु (लिहिलेलं), पोश्तु (ठेवलेलं), अबेर्तु (उघडलेलं), व्हिंदु (आलेलं). यांना पाठांतराशिवाय इलाज नाही.

‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. आपला ‘पगार’ त्याच शब्दातून आला आहे. त्याचं पुस्तकी कृदंत ‘पगादु’, पण आज बोलण्यात ‘पागु’च ऐकू येतं. घरमालकाशी बोलताना हे क्रियापद हमखास लागतं. या महिन्याचं भाडं दिलं असेल तर ‘झा पागेय अ रेंद’. ‘तेन्यु पागु अ रेंद’ म्हणालात तर अर्थ होईल ‘भाडं भरत आलोय मी’. मालकाने या महिन्याचं विचारलं असेल तर त्याला त्याचं उत्तर मिळालेलंच नाही.

‘हल्ली’ची कसोटी जिथे पुरत नाही

मोजून सांगायचं असलं की ‘तेर’ नको. ‘हे पुस्तक मी तीनदा वाचलंय’ म्हणजे ‘झा ली एश्त लीव्रु त्रेश व्हेझश’. ‘तेन्यु लीदु’ला आकडा सोसत नाही. ‘मुइंतश व्हेझश’, म्हणजे पुष्कळदा, चालतं, कारण त्यात मोजदाद संपलेली नसते.

कुठे राहता, कुठे काम करता हे सांगताना तर वर्तमानकाळच हवा. ‘पाच वर्षं झाली, लिस्बनला राहतोय’ याचं पोर्तुगीज ‘मोरु एं लिझ्बोअ आ सिंकु आनुश’. इथे इंग्रजी पुन्हा ‘हॅव’ आणून फसवतं आणि मराठी बरोबर वाट दाखवते, कारण आपणही ‘राहतोय’ असंच म्हणतो. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे नक्की करून जावं: ‘त्रबाल्यु’ म्हणजे काम करतो, ‘त्रबल्येय’ म्हणजे काम केलं आणि सोडलं, ‘तेन्यु त्रबल्यादु’ म्हणजे अलीकडे काम करतोय. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीबद्दल तिसरं वाक्य बोललात तर समोरच्याला वाटेल की तुम्ही अजून तिथेच आहात.

‘तेन्यु’ऐवजी ‘तीन्य’ आलं (तीन्य कुमीदु, जेवलो होतो), की ‘पुन्हा पुन्हा’चा अर्थ उरत नाही, तो आपल्या ‘होतो’सारखा सरळ चालतो. ‘इश्पेरु क तेन्यश शगादु बें’, ‘नीट पोचला असशील अशी आशा आहे’, यातही पोचणं एकदाच आहे. पुनरावृत्तीची अट ‘तेन्यु, तेंश, तें’ या साध्या वर्तमानकाळी रूपांपुरतीच. तिथेही एक जुना अपवाद आहे: भाषण संपवताना ‘तेन्यु दीतु’ म्हणतात, ‘माझं बोलणं संपलं’. त्यात पुन्हा पुन्हा काही नाही.

‘करत आलोय’

पोर्तुगालमध्ये अजून एक रचना ऐकाल, ‘तेन्यु व्हिंदु अ मल्युरार’. व्हिंदु म्हणजे आलेला, मल्युरार म्हणजे सुधारणं. शब्द जुळवून पाहा: ‘सुधारत आलोय’. हळूहळू, टप्प्याटप्प्याने चाललेल्या गोष्टीसाठी पोर्तुगीजनेही ‘येणे’ हेच क्रियापद धरावं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा आम्हांला फार आनंद झाला होता. आजाराचा उतार, भाषेतली प्रगती, वाढत चाललेली घरभाडी यांबद्दल बोलताना ही रचना वापरा. ब्राझीलमध्ये तिचं रूप थोडं बदलतं, पण ‘तेन्यु ईदु’, ‘तेन्यु लीदु’ यांचा अर्थ तिथेही हाच आहे.

कुणाला किती गरज

पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लागणारी ए२, म्हणजे प्राथमिक पातळीची सिप्ल परीक्षा, जी लिस्बन विद्यापीठाचं काप्ल केंद्र घेतं, तेवढीच द्यायची असेल, तर साधा भूतकाळ पक्का करण्यावर भर द्या आणि हा काळ ऐकून समजला तरी पुरे. पण तिकडे राहायला, नोकरीला किंवा मुलांच्या शाळेसाठी जाणार असाल तर तो बोलता आलाच पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉक्टर, घरमालक आणि मुलांच्या शिक्षिका, तिघंही याच काळात विचारतात.

गोव्यात ज्यांच्या घरी आजी-आजोबा पोर्तुगीज बोलतात, त्यांनी त्यांना एकदा ‘उ क तें फेयतु?’ विचारावं आणि उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून आणावं. अशी उत्तरं वर्गात ऐकवायला आम्हांला फार आवडतं. अर्थात, आधी त्यांची परवानगी घ्या.

पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. पुढच्या तासाला येताना तिथे गेल्या महिन्याभरातल्या तुमच्या स्वतःच्या पाच गोष्टी लिहून आणा, आधी मराठीत आणि खाली पोर्तुगीजमध्ये: झोप, जेवण, काम, प्रवास, घरातलं कुणाचं दुखणंखुपणं. निदान दोन वाक्यं साध्या भूतकाळातली असू द्या. तासाची सुरुवात ती वाचूनच करू.