दूध पाजताना अडलं तर, काउंटरवर बोलताना अवघडलं तर

दूध पाजणाऱ्या आयांना लागणाऱ्या वस्तूंचं आमचं दुकान, आणि आमच्या काउंटरवर रोज एक वाक्य अर्ध्यावर थांबतं. ‘ते... बाळाच्या आईसाठी... ते असतं ना...’ पुढचं मोबाइलवरच्या फोटोने किंवा घडी घातलेल्या चिठ्ठीने पुरं होतं. मागे रांग असली की तेवढंही होत नाही. समोर दिसेल तो डबा उचलायचा, पैसे द्यायचे आणि निघायचं. त्या घाईत चुकीची वस्तू घरी जाते आणि जिला तिचा त्रास होतो ती बाई आधीच रात्र-रात्र जागी असते. म्हणून हे माहितीपत्रक. वस्तू वापरायच्या आधी वाचा, जमलं तर घ्यायच्याही आधी.

पंप बिघडलेला नसतो

दूध काढायचे जे पंप परत येतात त्यांपैकी कितीतरी चांगले असतात. एकदा दुकान उघडता उघडता एक नवे बाबा आले. डोळे तारवटलेले, हातात खोक्यासकट पंप. ‘यात काही येतच नाही, बिघडलाय.’ काउंटरवरच्या आमच्या मुलीने दाखवायला ठेवलेलं फनेल, म्हणजे पंपाचा स्तनावर बसवायचा भाग, त्याला जोडलं आणि त्यांच्याच तळहातावर टेकवलं. ओढ नीट लागत होती. तिने विचारलं, बाळ किती दिवसांचं? ‘परवाच झालं.’

परवा झालेल्या बाळाच्या आईला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर, कधी त्याहूनही कमी. बाळाला तेवढाच लागतो. पण पंपात तो फनेलला आणि झडपेला चिकटून दिसेनासा होतो आणि रिकामी बाटली बघून आईच्या पोटात गोळा येतो. या दिवसांत हाताने चमच्यात काढलेला चीक वाया जात नाही. भरभरून दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. सिझेरियन झालं असेल, मधुमेह असेल किंवा बाळंतपणात रक्त जास्त गेलं असेल तर थोडं उशिरा. स्तन लहान की मोठे याचा दुधाशी संबंध नाही.

पंपात किती आलं यावरून दूध किती आहे हे ठरवू नका. मोजायचे ते लंगोट. पहिल्या दिवशी निदान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त. शी आधी काळी आणि चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि 10 ते 14 दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. घट 10 टक्क्यांपर्यंत पोचली, लंगोट कोरडे राहिले किंवा बाळ पाजायलाही उठेनासं झालं, तर आमच्याकडे येऊ नका. थेट डॉक्टरांकडे जा.

चिरा, आणि त्यावर मागितलं जाणारं क्रीम

सगळ्यात जास्त मागणी क्रीमची असते. क्रीम आम्ही देतो, त्याने आरामही पडतो, पण चिरा पडण्याचं कारण बहुतेक वेळा बाळाच्या पकडीत असतं. बाळ नुसतं स्तनाचं टोक तोंडात धरत असेल तर ते टोक त्याच्या टाळूवर घासत राहतं. पाजून झाल्यावर टोक नीट बघा. गोल राहिलं असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखं तिरकं किंवा चपटं निघालं असेल तर पकड उथळ आहे. दर वेळी तसंच होत राहिलं तर कितीही क्रीम लावा, जखम भरणार नाही.

बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, नाक टोकासमोर, डोकं किंचित मागे. तोंड जांभईएवढं मोठं उघडेपर्यंत थांबा आणि मग बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे वाकवून नेऊ नका. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि टोकाभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूने जास्त दिसणारा, अशी पकड हवी. सुरुवातीला क्षणभर दुखणं वेगळं. दुखतच राहिलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा लावावं लागलं तरी चालेल. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं असतं, तेवढ्या वेळा सहन करत बसणं कोणालाही शक्य नाही.

निप्पल शील्ड, म्हणजे पाजताना टोकावर बसवायचं पातळ आवरण, मागणाऱ्यांना आम्ही एक प्रश्न विचारतो: कोणी सांगितलं? स्तनपान सल्लागाराने किंवा नर्सने सांगितलं असेल तर लगेच देतो. दुखतंय म्हणून स्वतःच्या मनाने घेत असाल तर आधी पकड कोणाला तरी दाखवा अशी आमची विनंती. शील्डमधून बाळाला दूध कमी मिळू शकतं, म्हणून वापरत असाल तर वजनावर लक्ष हवं.

फनेलचं माप हाही कुजबुजीचा विषय. बरेच जण स्तनाच्या आकारावरून ‘मोठं द्या’ म्हणतात. माप स्तनाचं नसतं, टोकाच्या रुंदीचं असतं, तेही मिलिमीटरमध्ये. खोक्यात बहुधा 24 मिमीचं येतं आणि कित्येकींना ते मोठं होतं. काळसर भागही नळीत ओढला जात असेल तर माप मोठं, टोक कडांना घासत असेल तर लहान. कागदी मोजपट्टी मागा, फुकट आहे. घरी मोजा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून पाठवा, तोंडाने एक अक्षर बोलावं लागणार नाही.

दूध उतरल्यावर छाती दगडासारखी झाली तर पाजण्याआधी थोडं दूध हाताने काढून काळसर भाग मऊ करा, म्हणजे बाळाला धरता येईल. पाजून झाल्यावर थंड पट्टी. आराम पडावा म्हणून पंपाने पूर्ण रिकामं करत राहिलात तर शरीर आणखी दूध तयार करतं. गाठ जोराने चोळू नका. एखादा भाग लाल, गरम होऊन ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना दाखवा. पाजणं थांबवायचं नसतं.

आमच्या काउंटरवरच्या माणसांबद्दल

त्यांना शरीराच्या अवयवांची नावं ऐकायची सवय आहे. तुम्ही स्पष्ट बोललात तर त्यांचं काम सोपं होतं. काउंटरवर मुलगा असेल आणि बाईशी बोलायचं असेल तर तसं सांगा, त्याला वाईट वाटत नाही. ते जखम बघणार नाहीत आणि हात लावणार नाहीत. एका ताईंनी वेदनेने कळवळून तिथेच दाखवायला सुरुवात केली होती. त्यांची हतबलता आम्हाला समजते, पण तपासणं हे आमचं काम नाही. तसंच ‘हिला दूधच नाही’ असं आईच्या समोर कोणी म्हणालं तर आमची माणसं मान डोलावणार नाहीत. तो निकाल काउंटरवर लागत नाही.

एक विनंती मनापासून. ‘तुम्हाला मूल आहे का? तुमचं दूध पुरलं होतं का?’ असं त्यांना विचारू नका. कोणाला मूल नाही, कोणी ते गमावलेलं असू शकतं. आणि पंपाची चौकशी करतोय असं भासवून आमच्या मुलींना फोनवर नको ते विचारणाऱ्यांचा फोन आम्ही तत्काळ ठेवतो.

पावडरचं दूध, बाटल्या आणि बाटल्यांच्या बोंड्या यांवर आमच्याकडे सूट नाही, नमुने नाहीत, मांडणीही नाही. आईच्या दुधाऐवजी दिल्या जाणाऱ्या दुधाच्या विक्री-जाहिरातीबद्दल जागतिक आरोग्य सभेने 1981 मध्ये जी आचारसंहिता संमत केली तिला धरून आम्ही हे ठरवलं आहे. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर नुसतं मागा. कोणी कारण विचारणार नाही, कोणी उपदेश करणार नाही.

फनेल, शील्ड अशा अंगाला लागणाऱ्या वस्तूंचं सील तुटलं की त्या परत घेता येत नाहीत. मोटर खराब निघाली तर बदलून देतो.

मी हे दुकान काढण्याआधी एका कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर होते. बाळ तीन महिन्यांचं असताना कामावर परतले. एकदा रांगेत कोणाचं तरी तान्हं रडलं आणि मला तिथेच पान्हा फुटला. रडणं ऐकून असं होऊ शकतं, ते आपल्या हातात नसतं. सुटे पैसे मोजताना कुर्त्यावर दोन ओले डाग पसरत गेले. समोरच्या गृहस्थांनी नजर वळवली, त्यांच्या मागची बाई म्हणाली, ‘घरी बसायचं ना मग.’ मी पैसे दोनदा चुकले. दूध काढायला जागा होती ती फक्त संडासात.

कामाच्या वेळेत पाजण्यासाठी सुट्टी मिळावी आणि ती कामाचाच वेळ धरली जावी, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 सालचा 183 क्रमांकाचा करार सांगतो. आमच्याकडे मागच्या खोलीत एक खुर्ची आहे, बेसिन आहे, दाराला आतून कडी आहे. काम करणाऱ्या आया ती वापरतात, तुम्हीही वापरा, खरेदी केली नाहीत तरी. काउंटरवर ‘वीस मिनिटांत येते’ अशी पाटी दिसली तर आमच्यातली कोणीतरी आत दूध काढते आहे. दार वाजवू नका, बाकावर बसा. ती येईल.