वाळवंटातील साक्षगंधाचे फोटो: गोल्डन अवर आणि ब्लू अवर यांतील फरक

साक्षगंध आटोपले की फोटोंसाठी थेट जैसलमेर गाठणारी जोडपी आता पुसद-दिग्रसकडेही दिसू लागली आहेत. गाडीचे भाडे, उंटवाला, कपडे हे सगळे आधीच ठरते. प्रकाशाबाबत मात्र ‘संध्याकाळी काढू’ एवढ्यावरच बोलणे थांबते. या संध्याकाळीत दोन प्रकाश असतात. सूर्य मावळण्यापूर्वीच्या प्रकाशाला फोटोग्राफर गोल्डन अवर म्हणतात आणि मावळल्यानंतरच्या निळसर प्रकाशाला ब्लू अवर. दोन्ही देखणे आणि एकापाठोपाठ येणारे असल्यामुळे त्यांची गल्लत होते. पण पहिल्या प्रकाशाला दिशा असते आणि दुसऱ्याला जवळजवळ नसते, आणि जोडप्याला कुठे उभे करायचे, काय नेसवायचे, कॅमेरा कसा लावायचा हे सारे याच फरकावर ठरते.

क्षितिजावरच्या सूर्याच्या किरणांना, डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत, सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. त्या वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळा-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. शिवाय तो आडवा येत असल्यामुळे वाऱ्याने वाळूवर उमटवलेली प्रत्येक लहर एका बाजूने उजळते आणि दुसऱ्या बाजूने काळी पडते. जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरी येथील टेकड्या फोटोत ज्या उठावामुळे ओळखू येतात, तो उठाव या सावल्यांचाच असतो. म्हणून या वेळी सूर्य जोडप्याच्या बाजूला किंवा पाठीमागे ठेवावा. समोर ठेवल्यास डोळे मिचकतात आणि वाळूही सपाट दिसते.

आपल्याकडच्या फोटोग्राफरांना येथे एक गोष्ट नवी वाटते. कपाशीच्या वावरात सूर्य पाठीमागे घेऊन फोटो काढला, तर हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, कारण काळी माती प्रकाश गिळून टाकते आणि प्रकाश परतवणारा फलक, म्हणजे रिफ्लेक्टर, धरल्याशिवाय गत्यंतर नसते. कोरडी, फिकट वाळू मात्र प्रकाश परतवते. त्यामुळे उजळलेल्या उताराकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा सूर्य पाठीशी असतानाही खालून हलकासा सोनेरी उजळतो आणि नथीचे मोतीसुद्धा वेगळे दिसतात. त्याच टेकडीच्या सावलीच्या बाजूला चार पावले सरकले की हा लाभ संपतो.

ब्लू अवरचे कारण वेगळे आहे. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर थेट किरण येत नाहीत. जमिनीवर पडतो तो फक्त आकाशाचा उजेड. त्या वेळची निळाई वरच्या थरांतील ओझोनमुळे येते, कारण ओझोन पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो; एडवर्ड हल्बर्ट या शास्त्रज्ञाने हे 1953 मध्ये दाखवून दिले. हा उजेड सगळीकडून सारखाच येत असल्यामुळे सावल्या मिटतात आणि वाळूच्या लहरीही मिटतात. अशा वेळी वाळूचा पोत टिपण्याचा हट्ट धरू नये. जोडप्याला टेकडीच्या माथ्यावर उभे करून कॅमेरा खाली ठेवावा, म्हणजे आकाश हीच पार्श्वभूमी होते. हाती कंदील दिला तर त्याचा पिवळा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि मागच्या निळाईशी खुलून दिसतो. हे दृश्य आता जरा वापरून गुळगुळीत झाले आहे, पण चेहरा उजळण्याचे काम ते चोख करते.

कपड्यांची निवडही येथेच ठरते. लाल शालू सोनेरी प्रकाशात पेटल्यासारखा दिसतो. ब्लू अवरमध्ये त्या प्रकाशात तांबडा भागच अल्प असल्यामुळे तोच शालू काळपट, विटका वाटतो. तेव्हा पांढरा, मोतिया किंवा फिकट गुलाबी रंग चालतो. मोहरीसारखा पिवळा मात्र गोल्डन अवरमध्येच वाळूत विरून जातो.

या दोन्हींच्या मध्ये, सूर्य मावळल्यानंतरच्या पाचव्या ते पंधराव्या मिनिटादरम्यान, एक टप्पा येतो आणि बहुतेक जण त्याच्याकडे पाठ फिरवून उभे असतात. सगळे पश्चिमेकडे पाहत असताना पूर्वेच्या क्षितिजावर पृथ्वीची स्वतःची सावली राखाडी-निळ्या पट्ट्यासारखी वर चढते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा दिसतो. जोडप्याला पश्चिमेकडे तोंड करून उभे केले, तर मागे हे दोन रंग येतात आणि चेहऱ्यावर मावळतीचा मऊ उजेड पडतो. माझ्या मते संपूर्ण संध्याकाळीत चेहऱ्यासाठी याहून सोयीचा प्रकाश नाही. पुढे उजेड घटला की ब्लू अवर सुरू होतो आणि दहा-बारा मिनिटांत आटोपतो.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाची रंगछटा जुळवणारी सोय) ‘ऑटो’वर ठेवला तर तो सोनेरी छटेला दोष समजून पुसून टाकू शकतो, म्हणून तो ‘डेलाइट’वर ठेवावा. भिंगाचे छिद्र एफ 2.8 ला ठेवले, तर गोल्डन अवरमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि शटर उघडे राहायला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. ब्लू अवरमध्ये आयएसओ 1600 करूनही साठाव्या भागाच्या आसपास यावे लागते. म्हणून उडणारी ओढणी, धावणे, उंटावरची स्वारी पहिल्या प्रकाशात उरकावी आणि दुसऱ्यात दोघांना स्थिर उभे करावे. मोबाईलच्या नाइट मोडलाही हीच अट लागू पडते.

वेळेचे गणित यवतमाळच्या घड्याळावर बेतू नये. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य आपल्यापेक्षा साधारण पाव तास उशिरा मावळतो, पण उगवतो मात्र सुमारे चाळीस मिनिटे उशिरा. सूर्य सहा अंश उंचीवरून क्षितिजावर यायला, म्हणजे गोल्डन अवर सरायला, तेथे अर्धा तास लागतो. क्षितिजावर धूळ असल्यास तो मावळण्यापूर्वीच फिकट पडतो, म्हणून त्यातली पहिली वीस मिनिटेच हमखास धरावीत. समच्या टेकड्यांवर संध्याकाळी पर्यटकांची गर्दी असते आणि वाळू पावलांनी तुडवलेली असते, तर पहाटे रात्रीच्या वाऱ्याने ती पुष्कळ ठिकाणी पुन्हा सारवलेली मिळते. पहाटे क्रम उलटा असतो, आधी निळा आणि मग सोनेरी. त्यामुळे मुलीला तंबूतून निघतानाच शालू नेसवू नये, मोतिया पोशाखात बाहेर पडावे आणि शालू बदलण्यासाठी आडोसा म्हणून दोन चादरी सोबत घ्याव्यात.