स्टिरिओ रेकॉर्ड सराउंडवर: मागचा आवाज येतो कुठून?

साध्या स्टिरिओ रेकॉर्डवर मागच्या स्पीकरसाठी वेगळं काहीच कोरलेलं नसतं. तरी सराउंड डिकोडर (दोन चॅनेलमधून मागच्या स्पीकरचा आवाज वेगळा काढणारं यंत्र) लावला की मागून सभागृहाचा घुमारा येतो, आणि त्याचं मूळ रेकॉर्डच्या खाचेतच आहे. १९५८च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, त्या ४५/४५ पद्धतीच्या: खाचेच्या एका भिंतीवर डावा चॅनेल, दुसरीवर उजवा. दोन्हींत सारखा असलेला आवाज सुईला आडवं हलवतो, दोन्हींतला फरक वर-खाली. मागे जातो तो हा फरक.

१९७०च्या सुमारास अमेरिकन ऑडिओ-अभियंते डेव्हिड हाफलर यांनी तो अगदी स्वस्तात मिळवला. मागचा स्पीकर डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या लाल टर्मिनलांमध्ये जोडायचा, बस्स. मात्र अँप्लिफायरची दोन्ही काळी टर्मिनलं आतून एकच असायला हवीत. ब्रिज्ड आउटपुट (ज्यात काळं टर्मिनलही आवाजाचा सिग्नल वाहतं) असेल तर ही जोडणी करूच नये. पुढे एसक्यू आणि क्यूएस या चार स्पीकरच्या (क्वाड्राफोनिक) रेकॉर्ड-पद्धतींनी चार चॅनेल दोनांत गुंफले. ती लाट ओसरली, पण कल्पना सिनेमाने उचलली. १९८२ साली डॉल्बी सराउंड घरी आलं, १९८७ साली त्याचीच सुधारित आवृत्ती, प्रो लॉजिक. त्यात मागचा आवाज मोनो आणि ७ किलोहर्ट्झपर्यंतच, शिवाय मधला स्पीकर गाणं आक्रसून टाकायचा. संगीतासाठी खरा उपाय अभियंते जिम फॉसगेट यांच्या प्रो लॉजिक २ने २०००च्या सुमारास दिला: मागे स्टिरिओ, स्वरांचा पूर्ण पट्टा, आणि म्युझिक मोडमध्ये मधल्या स्पीकरचा आवाज डाव्या-उजव्यात पसरवण्याची सोय.

रेकॉर्डची दुखणीही मागेच जातात. वाकलेली तबकडी आणि टर्नटेबलची घरघर सुईला वर-खाली हलवतात. धुळीची कटकट बहुधा एकाच भिंतीवर असते, म्हणून तीही फरकातच मोडते. दोन चॅनेलच्या पातळीत १ डेसिबलचा फरक असला, तरी मधोमध गाणाऱ्याचा आवाज अवघा २५ डेसिबल खाली मागे पाझरतो; ३ डेसिबल झाला तर १५.

म्हणून आधी मोनो रेकॉर्ड लावा आणि फक्त मागचे स्पीकर ऐका. बॅलन्स हळूहळू फिरवून गाणं तिथे सर्वांत क्षीण करा, मग कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) समोरून दिसणारा डावा-उजवा कल तपासा. गायक ठळकपणे मागूनच गात असेल, तर कार्ट्रिजच्या एका चॅनेलच्या तारा उलट लागल्या आहेत. पांढरी-निळी डाव्याची, लाल-हिरवी उजव्याची; त्यांत निळी आणि हिरवी परतीच्या.