बर्डीला दगडही बदलतो

खापरीहून निघालेली नागपूर मेट्रोची नारंगी मार्गाची गाडी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, आली की अर्धा डबा रिकामा होतो. कुणाला प्रजापती नगरकडे जायचं असतं, कुणाला लोकमान्य नगरकडे. मुंजे चौकातल्या त्या मोठ्या इंटरचेंज स्टेशनात सगळे आपापला मार्ग बदलतात. याच परिसरात जमिनीखालचा दगडही बदलतो. मुंबई-पुण्याच्या मेट्रोला असा दगडबदल भेटत नाही, कारण ती दोन्ही शहरं सगळीच्या सगळी ज्वालामुखीच्या थरांवर बसलेली आहेत. नागपूर मात्र दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व काठावर आहे. पश्चिम नागपूर काळ्या बेसॉल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या दगडावर आहे. पूर्व नागपूर त्याहून कितीतरी जुन्या, पट्ट्यापट्ट्यांच्या नाइस खडकावर आहे.

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा साधारण ३८ किलोमीटरचा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक हा नारंगी मार्ग उत्तर-दक्षिण जातो आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर हा एक्वा मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे. ७ मार्च २०१९ ला खापरी-बर्डी भागाचं उद्घाटन झालं आणि ११ डिसेंबर २०२२ ला दोन्ही मार्ग शेवटपर्यंत खुले झाले. यात भुयार कुठेच नाही. खापरीकडचा थोडा भाग जमिनीवरून जातो, बाकी सगळी मेट्रो खांबांवरून. त्यामुळे प्रवाशाला खालचा दगड दिसत नाही, पण प्रत्येक खांबाला तो शोधावाच लागला आहे.

एक्वा मार्गाने पश्चिमेकडून निघू. लोकमान्य नगर, बन्सी नगर, वासुदेव नगर ही हिंगणा रोडची स्टेशनं. इथला वरचा थर म्हणजे आपली काळी कापसाची माती. बेसॉल्ट लाखो वर्षं उन्हापावसात कुजला की ती तयार होते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण कागदाच्या गठ्ठ्यासारखे असतात, थरावर थर. पावसाळ्यात त्या थरांमध्ये पाणी शिरतं, गठ्ठा फुगतो, जमीन वर उचलली जाते. मे महिन्यात पाणी उडून जातं, गठ्ठा आक्रसतो आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी हे वर-खाली चालूच.

आमच्या पश्चिम नागपुरातल्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीला तिसऱ्याच वर्षी तिरपी भेग गेली. गवंड्याने सिमेंट भरून दिलं, पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली. भिंतीचा पाया काळ्या मातीतच थांबला होता, मुरमापर्यंत पोचलाच नव्हता. ती भेग बघत मी मातीबद्दल जे शिकलो, ते पुस्तकात वाचून कळलं नसतं.

मेट्रोच्या खांबाला असं डुलणं परवडत नाही. दोन शेजारच्या खांबांपैकी एक थोडा खचला तरी वरच्या रुळांची पातळी बिघडते. म्हणून पाया काळी माती आणि मुरूम ओलांडून पक्क्या दगडावर टेकवावा लागतो. दगड जवळ असेल तर खड्डा खणून रुंद पाया घालतात. खोल असेल तर रिगने, म्हणजे जमीन खोदणाऱ्या मोठ्या यंत्राने, भोक पाडून त्यात सळयांचा पिंजरा आणि काँक्रीट भरतात, म्हणजे पाइल. काम चालू होतं तेव्हा बॅरिकेडच्या फटीतून रिगने वर काढलेला ढीग बघायची मला सवयच लागली होती. आधी काळं ढेकूळ, मग पिवळसर मुरूम, मग राखी-काळे दगडाचे कपचे. विहीर खणणारे या शेवटच्या थराला काळा पत्थर म्हणतात.

सुभाष नगरनंतर अंबाझरी तलाव येतो. नाग नदी जिथून निघते त्या टेकड्यांजवळच्या गावाचं नाव लाव्हा आहे, आणि खरोखरच तिथे लाव्ह्याचेच थर आहेत. नाव आणि दगड यांचा मेळ हा केवळ योगायोग, पण शाळेतल्या मुलांना सांगावासा वाटणारा. हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्या काळातला. तो एकदम आला नाही. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मध्ये बराच काळ शांततेत जायचा, मग पुढचा थर यायचा. शांततेच्या त्या काळात थिजलेल्या लाव्ह्यावर तळी साचायची, झाडं उगवायची.

याचा पुरावा शंकर नगर, झाशी राणी चौक ओलांडून बर्डीला आलं की हाकेच्या अंतरावर आहे. सीताबर्डीची टेकडी आपल्याला किल्ल्यामुळे माहीत आहे, नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी इथेच लढाई झाली. टेकडीच्या गणपतीमुळे तर ती रोजच्या बोलण्यात आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशीच उघडतो. पण ही टेकडी भूशास्त्राच्या इतिहासातही नोंदलेली आहे. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून नागपुरात आले आणि सवडीच्या वेळात हातोडी घेऊन हिंडले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला. सीताबर्डीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा थर सापडतो, हे त्यांनी दाखवलं. टाकळीच्या तशाच थरात तळ्यातले शंख, बिया, फळं दगड होऊन राहिली होती. १८६३ मध्ये हिस्लॉप पाण्यात बुडून गेले. नागपूरच्या दगडांवर एवढ्या मायेने काम केलेल्या माणसाचं नाव आपण फक्त कॉलेजच्या फाटकावर वाचतो, याचं मला वाईट वाटतं.

बर्डीनंतर कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितारओळी. हा जुन्या नागपूरचा भाग. इथे लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि त्याखालचा मूळ बिछाना उघडा पडतो. नाइसचा ताजा तुकडा हातात घेतला तर पांढऱ्या आणि काळपट रेघा आलटून पालटून दिसतात. उन्हात धरला की अभ्रकाचे कण चमकतात. जमिनीत खूप खोल, प्रचंड दाब आणि उष्णतेखाली दगड जवळजवळ मऊ होऊन चेपला गेला, तेव्हा त्यातली खनिजं अशी ओळीत बसली. हा दगड दीडशे कोटी वर्षांपेक्षा जुना आहे.

दीडशे कोटी म्हणजे किती हे डोक्यात बसत नाही, म्हणून मी मेट्रोचाच हिशोब घालतो. एक्वा मार्ग साधारण साडेअठरा किलोमीटरचा. लोकमान्य नगरला दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा काळ धरा आणि प्रजापती नगरला आजचा दिवस. मग पश्चिम नागपूरखालचा सगळा लाव्हा गाडी प्रजापती नगरपासून अवघी आठशे मीटर दूर असताना ओतला जातो. आणि गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेल्या आपल्या शहराचा सगळा इतिहास शेवटच्या चार मिलिमीटरमध्ये मावतो.

नारंगी मार्गाने उत्तरेकडे गेलं की झिरो माइल, कस्तुरचंद पार्क आणि मग गड्डीगोदाम. इथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो अशी चार मजली रचना आहे. पुढे कडबी चौक, इंदोरा, नारी रोड, आणि ऑटोमोटिव्ह चौकात मार्ग संपतो. याच कामठी रोडवर पुढे नागपूरच्या भूगर्भाचा तिसरा अध्याय आहे. कामठीचा वालुकाश्म साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्ह्याहून जुना आणि नाइसहून तरुण. तो नद्यांनी आणलेल्या वाळूचा बनला आहे. त्याच खडकांच्या मालिकेतला कोळसा आजही या परिसरातल्या खाणींतून निघतो. हिस्लॉपना या भागात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेच्या आकाराची दगडी पानं मिळाली. तशीच पानं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि थेट अंटार्क्टिकातही सापडतात, कारण तेव्हा हे सगळे भूखंड एकमेकांना चिकटलेले होते. त्या महाखंडाचं गोंडवन हे नाव गोंडांच्या आपल्याच प्रदेशावरून पडलं.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यात ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीवरून कन्हानपर्यंत मार्ग जाणार आहे. त्या बाजूला नदीने आणलेला गाळही साचलेला आहे, त्यामुळे रिगने वर काढलेल्या ढिगात सुरुवातीला नुसती वाळू आणि चिखल दिसेल. त्याखालून तांबूस-पिवळा, हाताला खरखरीत लागणारा वालुकाश्माचा पहिला कपचा कुठल्या खांबाला निघतो, हे बघायला मी पुन्हा बॅरिकेडपाशी उभा राहणार आहे.