विदर्भातील निवडुंग : ओळख आणि लागवड

निवडुंग म्हणजे कॅक्टेसी कुलातील वनस्पती. हे कुल मूळचे अमेरिका खंडातले. ऱ्हिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही एक जाती वगळता आफ्रिका-आशियात निवडुंग आपसूक उगवत नव्हते. विदर्भात धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला आणि गावाबाहेरच्या पडीक बरड जागेत दिसणारा फड्या निवडुंग, म्हणजेच नागफणी, हाही परदेशातून आलेला. भारतात त्याच्या वाढीला किड्यांनी आळा घातला. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा म्हणून 1795 मध्ये आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका मिळाला, पण ओपन्शिया मोनाकँथा या फड्या निवडुंगाच्या जातीचा त्याने फडशा पाडला. पुढे 1926 मध्ये ओपन्शिया डिलेनाय या दुसऱ्या जातीवर दुसरा कोचिनील किडा सोडला गेला. फडावर (चपट्या खोडावर) कापसासारखा पांढरा थर दिसला आणि चिरडल्यावर लाल रस निघाला, तर तो कोचिनीलच समजावा.

कुंपणाला लावलेला थोर, शेर किंवा त्रिधारी यांना सर्रास निवडुंग म्हणतात, पण ते एरंडाच्या कुलातले आहेत. त्यांना खरचटले की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने 15 मिनिटे डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. मात्र चिकाची परीक्षा पुरेशी नाही, कारण मॅमिलारिया या खऱ्या निवडुंगाच्या काही जातींतही चीक असतो. भरवशाची खूण म्हणजे गादी. खऱ्या निवडुंगाचे काटे, फुले आणि नवे फुटवे लव असलेल्या लहान गादीतून निघतात. थोराला अशी गादी नसते. कोरफड आणि घायपात यांची तर पाने जाड असतात, खोड नव्हे. फड्याच्या गादीत मोठ्या काट्यांखेरीज केसासारखी बारीक कुसळे असतात. ती बोटात शिरल्यास चोळू नये, चिकटपट्टी लावून ओढावीत.

विदर्भात कुंडीतला निवडुंग उन्हापेक्षा पावसाळ्यात जास्त मरतो. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात मुळांना हवा मिळत नाही आणि उबेत बुरशी वाढते. म्हणून वावरातली माती कुंडीत भरूच नये. दोन घमेली भरड रेती, एक घमेले विटांचे बारीक तुकडे (भुकटी चाळून टाकलेले), एक घमेले चाळलेला मुरूम आणि अर्धे घमेले पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण चालते. बुलढाणा-अकोल्याकडे पावसाची उघडीप मिळते, तिथे कुंडी वळचणीच्या धारेपासून दूर ठेवली तरी भागते. गडचिरोली-गोंदियात मात्र जून ते सप्टेंबर वर पारदर्शक प्लास्टिक हवेच, बाजू उघड्या ठेवून. बुंधा मऊ पडला तर वरचा निरोगी भाग कापावा. कापात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत चकत्या काढत जावे, दर वेळी सुरी स्पिरिटने पुसावी, गंधकाची भुकटी लावून सावलीत 10 ते 15 दिवस सुकवावे आणि मग कोरड्या रेतीत उभे करावे. पहिला आठवडा पाणी देऊ नये.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. निवडुंग रात्री गारव्यात पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो. मे महिन्यात रात्रही तापलेली असते, त्यामुळे वाढ थांबते. झाड सुकले समजून पाणी वाढवणे ही तेव्हाची नेहमीची चूक. मार्चअखेरीपासून 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी, कुंड्या टिनाच्या पत्र्यापासून आणि स्लॅबवरून हलवाव्यात आणि कुंडी निवल्यावर संध्याकाळी थोडे पाणी द्यावे. सावलीत राहिलेले झाड ऑक्टोबरमध्ये एकदम उन्हात ठेवल्यासही खोड पोळते. तो डाग कायम राहतो. थंडीत तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी पुरे. माती कोरडी असेल तर चिखलदऱ्याची थंडीही बहुतेक जाती सोसतात. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा. मुळांवरही तो असतो, त्यामुळे कुंडी बदलताना मुळे तपासावीत.

ड्रॅगन फ्रूट आणि घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून वाढवलेले एपिफायलम हेही निवडुंगच, पण जंगलातले. त्यांना पालापाचोळ्याचे खत, जास्त पाणी आणि दुपारची सावली लागते. ड्रॅगन फ्रूटची खोडे वऱ्हाडातल्या उन्हात पिवळी पडून करपतात, हे लागवडीचा खर्च मांडतानाच धरावे.

बिनकाट्याचा ओपन्शिया फायकस-इंडिका चाऱ्यासाठी लावतात. एक वर्षाचा फड दोन-तीन आठवडे सावलीत सुकवून, पावसाचा जोर ओसरल्यावर बरड जमिनीत एक तृतीयांश खोल लावावा. फडात सुमारे 85 ते 90 टक्के पाणी असते आणि प्रथिने कमी. नुसता फड घातला तर जनावराचे शेण पातळ होते. तुकडे करून कडबा किंवा कुटारात मिसळून द्यावा.