रमेश कृष्णन: तीन पिढ्यांचा खेळ, बदललेला जमाना

भारतीय टेनिसपटू रमेश कृष्णनच्या खेळाबद्दल बोलायचं तर सुरुवात सर्व्हिसपासून करावी लागते, कारण तिच्यात जोर नव्हता. १९८५ मध्ये सतरा वर्षांचा बोरिस बेकर सर्व्हिसच्या दणक्यावर विम्बल्डन जिंकत होता, आणि त्याच काळात रमेश जणू चेंडू खेळात आणण्यापुरतीच सर्व्हिस करायचा. गुणाची खरी बांधणी तिथून पुढे सुरू व्हायची. तरीही तो तीनदा ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, उपांत्यपूर्व फेरीत पोचला, आणि १९८१ च्या मनिलापासून १९९० च्या स्केनेक्टडीपर्यंत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, आठ एकेरी विजेतेपदं त्याने मिळवली. असा खेळ त्याच्याकडे आला कुठून, हे घराकडे पाहिलं की कळतं.

आजोबा टी. के. रामनाथन हे नागपूरचे जुनेजाणते टेनिसपटू. मुलाला, म्हणजे रामनाथन कृष्णन यांना, त्यांनीच घडवलं. १९५४ मध्ये रामनाथन कृष्णन विम्बल्डनच्या मुलांच्या गटात जिंकले. हा मान मिळवणारे ते पहिले आशियाई. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. पहिल्या वर्षी नील फ्रेझरने, दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरने त्यांना हरवलं, आणि दोघेही पुढे त्या त्या वर्षीचे विजेते ठरले. १९६१ मध्ये लेव्हरपर्यंत पोचण्याआधी त्यांनी रॉय इमर्सनला घरी पाठवलं होतं. १९६२ मध्ये त्यांना चौथं मानांकन मिळालं, पण घोट्याच्या दुखापतीमुळे स्पर्धा अर्धवट सोडावी लागली.

आज सहज लक्षात येत नाही अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९६८ पूर्वी पैसे घेऊन खेळणाऱ्याला विम्बल्डनचं आणि डेव्हिस कप या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेचं दार बंद असे. जॅक क्रेमरच्या व्यावसायिक चमूकडून रामनाथन कृष्णन यांना बोलावणं आलं होतं, ते त्यांनी नाकारलं आणि हौशी खेळाडू म्हणूनच देशासाठी खेळत राहिले. त्याचं फळ १९६६ मध्ये मिळालं. कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध निर्णायक एकेरीत टॉमस कॉकसमोर ते दोन सेट विरुद्ध एक असे मागे होते आणि चौथ्या सेटमध्ये २-५. तिथून त्यांनी सामना फिरवला आणि भारत पहिल्यांदाच डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत पोचला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने ४-१ असं हरवलं. तो एक गुण दुहेरीतला: कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोंब-रोश या जोडीला नमवलं.

रमेशचा जन्म ५ जून १९६१ चा, मद्रासचा. म्हणजे वडील ऐन भरात असताना तो जन्मला. १९७९ मध्ये, वडिलांच्या विजयानंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, तोही विम्बल्डनच्या मुलांच्या गटात जिंकला. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेतलं मुलांचं विजेतेपदही त्याने घेतलं.

वडिलांकडून आला तो हात. रॅकेट मागे नेणं अगदी थोडं, चेंडू उसळी घेत असतानाच गाठायचा, फटका सपाट मारायचा आणि वेग समोरच्याचाच वापरायचा. नेटकडे जाताना पायाशी पडलेला चेंडू हाफ व्हॉलीने, म्हणजे टप्पा पडताक्षणीच, उचलून कोपऱ्यात ठेवणं हे या घराण्याचं खास काम. लाकडी रॅकेटच्या जमान्यात हे सगळं चोख चालायचं. लाकडी रॅकेटचं तोंड साधारण ६५ चौरस इंचांचं असतं. चेंडू नेमका मधोमध लागला नाही तर फटका मरतो, म्हणून सगळेच बेताने मारत. रमेश व्यावसायिक झाला आणि चारदोन वर्षांतच ग्रॅफाइटच्या ८५ ते ११० चौरस इंचांच्या रॅकेट सगळीकडे आल्या. आता जोरात मारूनही चेंडू कोर्टात राहू लागला. याचा सगळ्यात मोठा फटका पहिली चुकल्यावर करायच्या मऊ दुसऱ्या सर्व्हिसला बसला. प्रतिस्पर्धी एक पाऊल आत येऊन परतीचा फटका हाणायचा, आणि सर्व्हिस करणारा पहिल्याच फटक्यापासून धावायला लागायचा. मातीवर आणखी एक अडचण होती. टॉपस्पिनचा, म्हणजे पुढच्या दिशेने फिरत येणारा, चेंडू खांद्याच्या वर उसळतो, आणि तिथून सपाट फटका नीट बसत नाही. हिरवळीवर चेंडू खाली राहतो आणि सपाट फटका घसरत जातो. त्याच्या तीनही उपांत्यपूर्व फेऱ्या हार्ड कोर्टवरच्या किंवा हिरवळीवरच्या आहेत, तो योगायोग नाही: १९८१ आणि १९८७ ची अमेरिकन स्पर्धा, १९८६ चं विम्बल्डन. १९८१ मध्ये त्याने जॉन मॅकेन्रोकडून पहिला सेट काढला होता, आणि मॅकेन्रो पुढे ती स्पर्धा जिंकला.

जानेवारी १९८५ मधली २३ ही त्याची सर्वोत्तम क्रमवारी. माझ्या मते हा आकडा त्याला न्याय देत नाही. त्याला जोखायचं तर १९८७ ची सिडनी पाहावी. डेव्हिस कपची उपांत्य लढत, ऑस्ट्रेलियाची हिरवळ. पहिल्या दिवशी रमेशने जॉन फिट्झगेराल्डला आणि विजय अमृतराजने वॉली मासुरला हरवलं. तिसऱ्या दिवशी २-२ अशी बरोबरी झाली आणि सगळा भार रमेश-मासुर सामन्यावर आला. तेव्हा डेव्हिस कपमध्ये टायब्रेक, म्हणजे ६-६ झाल्यावर एका निर्णायक गेमने सेट संपवण्याची पद्धत, नव्हता. ६-६ झालं की दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं. रमेशने पहिला सेट असाच लांबवून काढला, मग पुढचे दोन सरळ: ८-६, ६-४, ६-४. वडिलांच्या संघाला मेलबर्नमध्ये जो देश भारी पडला होता, त्याला त्याच्याच हिरवळीवर हरवून भारत अंतिम लढतीत गेला. तिथे स्वीडनने आपल्या योटेबोरी (गोथेनबर्ग) शहरात बंदिस्त मैदानात माती टाकली. सपाट फटके खेळणाऱ्यांविरुद्ध याहून अचूक निवड नव्हती. भारत ५-० ने हरला.

१९८९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत, दुसऱ्या फेरीत, रमेशने मॅट्स विलँडरला सरळ सेटमध्ये हरवलं. विलँडर तेव्हा जगात पहिला होता आणि तिथला गतविजेताही. चेंडूला वेग न देता खेळाची लय मोडायची, हे तंत्र इतकं पूर्ण क्वचितच दिसलं असेल.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये एकोणीस वर्षांच्या लिअँडर पेसबरोबर तो दुहेरीत उतरला, तेही मातीवर. उपांत्यपूर्व फेरीत इव्हानिसेविच आणि प्रपिच या क्रोएशियन जोडीने त्यांना रोखलं. त्या वर्षी उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्य मिळत होतं, त्यामुळे पदक फक्त एका विजयाच्या अंतरावर होतं. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या फ्रेज्यूला, पुन्हा मातीवरच, फ्रान्सला हरवून डेव्हिस कपची उपांत्य फेरी गाठणाऱ्या संघात पेसबरोबर रमेश होता. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.